वाचकांचे प्रश्न : लेक मोठी होतेय, शेत घरचंच आहे

वयात येणाऱ्या मुलींबद्दल पुणे जिल्ह्यातल्या शेतकरी घरांतून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत. पाळीपासून सातबाऱ्यापर्यंत सगळं त्यांत आहे. नावं अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची आहे. अजून पाळी आलेली नाही, पण अंगात फरक दिसायला लागलाय. आमचं घर रानात, कांदा आणि चार गाई. शाळा सायकलनं तीन किलोमीटर. तिला आधीच काय सांगू आणि काय तयारी ठेवू?
*— एक आई, शिरूर तालुका*

उत्तर : ताई, आधी सांगायचं मनात आणलंत हेच मोठं काम झालं. ज्या पोरीला काहीच ठाऊक नसतं, तिला खुरपताना कपड्याला रक्त दिसलं की काहीतरी लागलं किंवा मोठा आजार झाला असं वाटतं, आणि ती गप्प बसते. छाती वाढायला लागल्यापासून साधारण दोन ते अडीच वर्षांत पहिली पाळी येते. त्याच्या काही महिने आधी पांढरं पाणी जायला लागतं. ते दिसलं की बोला. एकाच बैठकीत सगळं सांगू नका. भाजी निवडताना, धारा काढताना थोडं थोडं सांगा.

गोठ्यातल्या मुलीला गाय माजावर येणं, गाभण राहणं माहीत असतं, त्याचा उपयोग होतो. पण एक घोटाळा हमखास होतो. गाईला माज सरल्यावर एक-दोन दिवसांनी कधी कधी थोडं रक्त दिसतं, आणि मुलींना वाटतं की आपलंही तेच. तसं नाही. गाईचं ते रक्त बीज सुटण्याच्या सुमाराचं असतं. बाईच्या शरीरात बीज सुटल्यावर सुमारे दोन आठवडे गर्भाची वाट पाहिली जाते, तो राहिला नाही की पिशवीचं आतलं अस्तर बाहेर पडतं. हा फरक नीट सांगा. गर्भ राहण्याच्या दृष्टीनं पाळीतले दिवस सुरक्षित आणि मधले धोक्याचे की उलटं, याबद्दलचे पुढचे गैरसमज इथूनच सुरू होतात.

तयारी म्हणाल तर दप्तरात एक छोटी पिशवी ठेवा : दोन पॅड किंवा कापडाच्या दोन घड्या, एक जादा चड्डी, वर्तमानपत्राची दोन पानं, तोंड बांधता येईल अशी एक पिशवी. अशीच दुसरी पिशवी रानात मोटारीच्या खोलीत ठेवा, पण झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. नाहीतर उंदीर कुरतडतात.

पॅड असो की कापड, ४ ते ६ तासांनी बदलायचं, रक्त कमी गेलं असलं तरी. कापड सुती, वापरून मऊ पडलेलं हवं. टेरिकॉटचं रक्त शोषत नाही. आधी गार पाण्यात धुवायचं (गरम पाण्यानं डाग पक्का होतो), मग साबण, मग ऊन. चूक होते ती उन्हातच. लाजेपायी कापड परकराखाली किंवा गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घातलं जातं, ते आतून दमट राहतं, आणि मग खाज, पुरळ, वास सुरू होतो. वरून पातळ ओढणी टाका, पण दोरी उन्हातच बांधा. पावसाळ्यात वाळत नसेल तर इस्त्री फिरवा.

कांदा काढणीला दिवसभर उकिडवं बसून मांड्या घासतात, घामानं सालटी निघतात. साध्या पाण्यानं धुऊन, कोरडं करून खोबरेल लावलं की पुरतं. मुख्य अडचण असते ती बदलायला जागा नसणं. चार बांबू आणि ताडपत्रीचा आडोसा करा, आत बादली, मग, साबण. शेडनेट लावू नका, आरपार दिसतं. हा आडोसा तुम्हालाही लागतो आणि कामाला येणाऱ्या बायकांनाही. इतकी वर्षं शेतात तो नसतो, कारण तो मागायला कुणाचं तोंड उघडत नाही.

वापरलेलं पॅड उकिरड्यात टाकू नका. वरचं प्लास्टिक आणि आतली पाणी शोषणारी पावडर कुजत नाही, शेणखतातून तीच पुढं वाफ्यात येते. गोबरगॅसमध्ये टाकलं तर तोंड तुंबतं. चुलीत जाळलं तर धूर घरात कोंडतो. ग्रामपंचायतीची घंटागाडी येत असेल तर कागदात गुंडाळून वेगळं द्या. येत नसेल तर विहिरीपासून लांब, कुत्री उकरणार नाहीत इतका खोल झाकणाचा खड्डा हवा. खरं सांगायचं तर रानातल्या घराला धुऊन वापरायचे कापडी पॅडच सोयीचे पडतात.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं पाळी २१ ते ४५ दिवसांत कधीही येते, त्यात काळजीचं काही नाही. तारीख मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिनं स्वतः मांडावी. डॉक्टरांकडं केव्हा न्यायचं? तेराव्या वर्षापर्यंत छाती वाढायला लागली नसेल, पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, रक्त ७ दिवसांहून जास्त जात असेल, दर एक-दोन तासांनी पॅड भिजत असेल, किंवा एकदा सुरू होऊन तीन महिने आली नसेल तर. आणि सायकल चालवणं सुरूच राहू द्या, त्यानं काही बिघडत नाही.

प्रश्न : आमच्याकडं नातीला पाळीत मिरचीच्या वाफ्यात जाऊ देत नाही. सून म्हणते हे खोटं आहे. पण मागच्या वर्षी ती गेली आणि आठ दिवसांत रोपं बसली. लोणच्यालाही बुरशी आली. मग खोटं कसं म्हणायचं?
*— एक आजी, आंबेगाव तालुका*

उत्तर : आजी, रोपं बसली हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत, ते खरंच आहे. कारण मात्र दुसरं आहे. गादीवाफ्यावरची कोवळी रोपं जमिनीलगत बारीक होऊन कोलमडतात ती बुरशीनं. ती जमिनीतच असते आणि पाणी साचलं की वाढते. बी दाट पडलं, वाफा सपाट राहिला, संध्याकाळी भरपूर पाणी दिलं, वर ढगाळ हवा आली, की आठवड्यात रोपं जातात. महिन्यातले चार-पाच दिवस नात पाळीत असते, तुमच्या सुना-लेकी धरल्या तर घरात कुणी ना कुणी बहुतेक दिवस असतेच. त्यामुळं रोपं कधीही मेली तरी बोट दाखवायला कुणीतरी सापडतं.

या वर्षी असं करून पाहा : वाफा १ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर उंच, बी ओळीत, बोटभर अंतरावर, पेरण्याआधी बियाला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) चोळा, पाणी सकाळी, झारीनं, माती ओली राहील इतकंच. मोठ्या झाडाची पानं आकसून वाटीसारखी होतात, त्याला आपण चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतो. ते काम फुलकिडे, कोळी नावाची बारीक कीड आणि पांढऱ्या माशीचं. पान उलटं करून भिंगातून पाहा, दिसतील.

हातानं रोग पसरतो हे मात्र एका बाबतीत अगदी खरं आहे. तंबाखू मळलेल्या हातानं मिरची-टोमॅटोची रोपं हाताळली तर तंबाखूतला विषाणू रोपाला लागतो आणि पानं पिवळी-हिरवी चट्टेरी होतात. तेव्हा वाफ्यात जाण्याआधी साबणानं हात धुवायचा नियम घरात करायचा असेल तर तो तंबाखू खाणाऱ्यांना लावा. लोणच्याला बुरशी येते ती ओल्या चमच्यानं, कमी मिठानं, किंवा फोडींवर तेलाचा थर बुडेल इतका नसल्यानं.

तुमच्याइतकं रोप ओळखणारं घरात दुसरं कोणी नसेल. नातीला ते शिकवायचं हेच वय आहे, आणि महिन्यातले पाच दिवस ती बांधावर उभी राहिली तर तितकं तिचं शिकणं बुडतं.

प्रश्न : मुलगी पंधरा वर्षांची, शेतीची फार आवड. ट्रॅक्टर शिकव म्हणून मागं लागलीय. माझे वडील म्हणतात, पोरीच्या जातीला कशाला. मला शिकवायचा आहे. कुठून सुरुवात करू?
*— एक वडील, इंदापूर तालुका*

उत्तर : शिकवा, पण स्टिअरिंगपासून नाही. परवाना अठराव्या वर्षी मिळतो. त्याआधी तिनं रस्त्यावर ट्रॅक्टर नेला आणि पकडला, तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनुसार पालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते. हा नियम मुलगा-मुलगी दोघांना सारखाच, हे आजोबांनाही सांगा. पंधरा वर्षांच्या नातवाच्या हाती ट्रॅक्टर देणारी घरं पुष्कळ आहेत. घरच्या रानातही अठरापर्यंत थांबा. पलटी झालेल्या ट्रॅक्टरखाली वय विचारलं जात नाही.

मधल्या तीन वर्षांत शिकण्यासारखं भरपूर आहे. सकाळी सुरू करण्याआधी इंजिन ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवून पाहणं, रेडिएटरचं पाणी (गरम असताना झाकण उघडायचं नाही), एअर क्लीनरच्या वाटीतलं तेल, डिझेल फिल्टरमधलं पाणी काढणं, टायरची हवा, नटबोल्ट. एक वही घालून तास आणि डिझेल तिनं लिहावं. ऑइल किती तासांनी बदलायचं हे पुस्तिकेत असतं, पण तासच कुणी लिहिलेले नसतात म्हणून बदलायचं राहून जातं.

सगळ्यात आधी शिकवायचं ते पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा ट्रॅक्टरच्या मागचा दांडा. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. साडेतीन सेंटिमीटर जाडीच्या दांड्यावर ओढणीचं टोक अडकलं तर एका सेकंदात सुमारे एक मीटर कापड ओढलं जातं. ‘सोड’ म्हणायला वेळ मिळत नाही. दांड्यावरचं कव्हर तुटलं असेल तर रोटाव्हेटर जोडायचाच नाही. मुलींसाठी खास सांगायचं ते असं : ओढणी काढून ठेवायची, वेणीचा अंबाडा घालून रुमाल बांधायचा, अंगात बसणारा सदरा, पायांत बूट. कडबाकुट्टीलाही हेच. चारा हातानं आत ढकलायचा नाही, अडकला तर आधी मोटारीचं बटण नव्हे, मेन स्विच बंद, चाक थांबेपर्यंत थांबायचं, मग हात घालायचा. बोटं जातात ती अडकलेला चारा काढतानाच.

फवारणीपासून तिला लांब ठेवा, पंप धुण्यापासूनही. घरात वाटतं की फवारणारा बाप्या, पोरगी नुसती टाकी विसळते. पण विसळतानाच औषध हाताला जास्त लागतं. डब्यावर लाल किंवा पिवळा त्रिकोण असेल तर डबासुद्धा तिच्या हाती देऊ नये.

आणि तिला खरंच शेतकरी करायचं असेल तर राबवून घेण्याबरोबर ठरवायलाही द्या. दोन गुंठे तिच्या नावानं मोजून द्या. मेथीला दोन गुंठ्यांत अर्धा किलो बी पुरतं, २५ ते ३० दिवसांत जुड्या निघतात. बी कोणतं, पाणी केव्हा, बाजार कोणता, सगळं तिनं ठरवावं. बियाचा, खताचा, गाडीभाड्याचा खर्च वहीत मांडावा आणि उरलेला पैसा तिच्या बँक खात्यात जावा. दहा वर्षांपुढच्या मुलांना स्वतः खातं चालवता येतं. पहिल्यांदा तोटा झाला तर भरून देऊ नका, पुन्हा बी घेऊन द्या. दहावीनंतर कृषी पदविका, बारावी सायन्सनंतर चार वर्षांची बी.एस्सी. ॲग्री असे रस्ते आहेत. पुण्यात शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाखाली येतं. नारायणगाव आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रांत प्रशिक्षणं होत असतात, तिथं तिला घेऊन जा.

प्रश्न : मी सतरा वर्षांची, बारावीला आहे. पहाटे पाचला दोन गाईंच्या धारा, मग डेअरीला दूध, मग कॉलेज, संध्याकाळी परत धारा. वर्गात डोळ्यांपुढं अंधारी येते. पाळीत खूप जातं. आई म्हणते, या वयात असंच होतं.
*— दौंड तालुक्यातून*

उत्तर : असंच होत नाही, बाळ. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घे. तुझ्या वयाला ते १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. १० ते १९ वयाच्या मुलींना आठवड्याला एक निळी लोहाची गोळी सरकारी शाळांत आणि अंगणवाडीत मिळते. ती मुळात रक्त कमी होऊ नये म्हणून असते. आधीच कमी असेल तर रोजची गोळी लागते आणि ती डॉक्टर ठरवतील. गोळीनं मळमळलं तर रात्री जेवणानंतर घे. शौचाला काळं झालं तर घाबरू नकोस, तो लोहाचाच रंग. जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको, तो लोह शोषू देत नाही. पहाटे रिकाम्या पोटी चहा पिऊन धारा काढायला बसणं तर बंदच कर. बाजरीची भाकरी, पालेभाजी, मटकीची उसळ आणि वर लिंबू असं खा. नुसत्या गुळानं रक्त भरून येत नाही. वर्षातून दोनदा जंताची ४०० मिलिग्रॅमची गोळी आणि रानात पायांत चप्पल, कारण उघड्यावर शौचाला बसतात तिथल्या मातीतून हुककृमी तळपायातून शिरतो आणि आतून रक्त पितो.

पाळीत किती जातं हे डॉक्टरांना आकड्यांत सांग : किती दिवस, दिवसाला किती पॅड, रात्री उठावं लागतं का.

हा परिच्छेद आईला वाचून दाखव. दोन वेळच्या धारा आणि कॉलेज हे एका मुलीचं काम नाही. घरात भाऊ असेल तर एक वेळ त्याची. आणि वेताच्या वेळी, किंवा गाय गाभडली असेल तर वार, वासरू उघड्या हातानं उचलू नकोस. त्यातून माणसाला ब्रुसेल्ला या जंतूचा ताप येतो, तो महिनोन्‌महिने रेंगाळतो.

प्रश्न : आमच्याकडं उसात बिबट्या आहे. मुलगी तेरा वर्षांची. तिला रानात जाऊच देऊ नये का?
*— एक आई, जुन्नर तालुका*

उत्तर : दिवसा, चारचौघांत जाऊ द्या. धोका असतो पहाटे आणि दिवेलागणीनंतर, आणि त्यातही वाकलेल्या किंवा उकिडव्या बसलेल्या माणसाला. उभा माणूस बिबट्याला भक्ष्य वाटत नाही, बसलेला वाटू शकतो. म्हणून पहिली गरज घरातल्या संडासाची, आणि संडास पन्नास पावलांवर असेल तर तिथवरच्या दिव्याची. पाळीच्या दिवसांत पोरी लाजून अंधारातच बाहेर जातात, हे लक्षात ठेवा. घराच्या भिंतीला लागून ऊस नको, मोकळं रान ठेवा. गवत कापायला एकटीला पाठवू नका, सोबत मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावा. कुत्री, शेळ्या रात्री बंदिस्त. बिबट्या दिसला तर पळायचं नाही, खाली वाकायचं नाही, ओरडत मागं सरकायचं. वन विभागाचा क्रमांक १९२६ तिला पाठ हवा.

प्रश्न : मालक जाऊन दीड वर्ष झालं. मुलगी चौदा, मुलगा दहा वर्षांचा, सासूबाई आहेत. जमीन मालकांच्या नावावर होती. दीर म्हणतात, मुलीचं नाव लावू नका, उद्या लग्नाच्या वेळी हक्कसोड घेत बसावं लागेल. काय करू?
*— पुरंदर तालुक्यातून*

उत्तर : ताई, नाव लावा, आणि लगेच लावा. वारस नोंदीचा अर्ज खरं तर मृत्यूनंतर तीन महिन्यांत द्यायचा असतो. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण मधल्या काळात कागदावर काय घडेल याची खात्री राहत नाही.

जमीन मालकांची स्वतःची असेल तर हिंदू वारसा कायद्यानं तुम्ही, मुलगी, मुलगा आणि सासूबाई असे चार सारखे वाटे होतात. वडिलोपार्जित असेल तर मुलीचा हिस्सा जन्मापासूनच आहे आणि वडिलांच्या वाट्यातलाही वेगळा येतो. तो हिशेब वकिलाकडून काढून घ्या. मुलींना हा हक्क देणारी केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे. महाराष्ट्रानं लग्न न झालेल्या मुलींसाठी तो १९९४ मध्येच दिला होता. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगितलं की हा हक्क जन्मानं आहे, २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही.

मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, रेशनकार्ड, सगळ्यांचे आधार आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) कार्यालयात अर्ज द्या, पोच घ्या. प्रतिज्ञापत्र दुसऱ्या कुणाला लिहू देऊ नका. मुलीचं नाव गळतं ते इथंच. ‘वारस : मुलगा एक’ एवढंच लिहिलं जातं आणि खाली तुमची सही असते. नोंद झाली की हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार (म्हणजे नावबदलाची नोंद) मंजूर करतात. मंजुरीच्या आधी फेरफारातली चारही नावं वाचून पाहा. नाव गळालेलं असताना मंजूर झालाच, तर ६० दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडं अपील करता येतं.

मुलांची नावं लागतील ती ‘अ.पा.क.’ म्हणून, म्हणजे अज्ञान, पालनकर्ता आई. पालनकर्ता म्हणून तुमचंच नाव आहे ना, हे बघा. वारसानं मुलीकडं आलेला वाटा न्यायालयाच्या परवानगीशिवाय तुम्हालाही विकता येत नाही. कुणी तसा व्यवहार करून घेतला तर अठरा पूर्ण झाल्यावर तीन वर्षांत तिला तो रद्द करून मागता येतो. चौदा वर्षांच्या मुलीचं हक्कसोडपत्र घेताच येत नाही, आणि अठरानंतरही ते तिच्या राजीखुशीनं, दुय्यम निबंधकाकडं नोंदवूनच होतं. स्टँप पेपरवर घरी घेतलेल्या सहीनं हक्क सुटत नाही. दिरांना हे शांतपणे सांगा. लग्नात खर्च केला म्हणून वाटा संपला, असा नियम कुठल्याही कायद्यात नाही. अठराच्या आत मुलीचं लग्न लावणं हा २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, आणि तसा विषय कुणी काढला तर १०९८ या मुलांच्या मदतीच्या क्रमांकावर मुलगी स्वतः फोन करू शकते.

दर वर्षी एकदा डिजिटल सातबारा काढून चौघांची नावं तपासा, आणि तो मुलीकडून वाचून घ्या : गट नंबर, क्षेत्र, आकार (म्हणजे शेतसारा), इतर हक्कांतला बोजा. अठरा पूर्ण झाले की जन्मदाखला जोडून ‘अ.पा.क.’ शेरा कमी करायचा अर्ज तलाठ्याकडं द्यायचा असतो. तो अर्ज तिनं स्वतः लिहावा, खाली सही तिची.